गाळातला बोगदा

२९ डिसेंबर १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते कोलकात्याच्या भुयारी रेल्वेची कोनशिला बसवण्यात आली. दमदमपासून टॉलीगंजपर्यंतचा १६.४५ किलोमीटरचा हा मार्ग सलगपणे वाहतुकीला खुला झाला तो २७ सप्टेंबर १९९५ रोजी, म्हणजे जवळजवळ पावणेतेवीस वर्षांनी. आठवीतल्या मुलांना हे गणित घालून पाहावे. उत्तर येते दिवसाला सरासरी दोन मीटर! गोगलगायीलासुद्धा एवढे अंतर कापायला दिवस लागत नाही.

या दिरंगाईची कारणे अनेकदा सांगितली गेली आहेत. पैसा वेळेवर मिळाला नाही, जमीन ताब्यात येईना, कोर्टाचे मनाईहुकूम आले, कामाचा अनुभव देशात कोणालाच नव्हता. ही सगळी कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्याखेरीज आणखी एक कारण होते आणि ते थेट पायाखाली होते. ते म्हणजे कोलकात्याची माती. भुयारी रेल्वेचा इतिहास सांगताना आपण उद्घाटनाच्या तारखा, पुढाऱ्यांची नावे आणि खर्चाचे आकडे सांगतो. पण बोगदा कसा खणायचा, कुठे खणायचा आणि किती वेगाने खणायचा हे बऱ्याच अंशी जमीन ठरवते. या लेखात आपण कोलकात्याच्या मेट्रोकडे जमिनीच्या बाजूने पाहणार आहोत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यासाठी आधी आपली नेहमीची कल्पना बाजूला ठेवावी लागेल. आपल्याकडे विहीर खणताना वर थोडी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण. सुरुंग लावावे लागतात, घणाचे घाव घालावे लागतात. पण एकदा खडक फोडला की विहिरीची बाजू बांधकामाशिवाय वर्षानुवर्षे उभी राहते. वरच्या मातीपुरते बांधून काढले की झाले. आपल्या मनातली ‘जमीन’ अशी स्वतःच्या बळावर उभी राहणारी आहे.

कोलकात्याला असा खडक हाताशी नाही. गंगेने हिमालयातून आणलेला गाळ हजारो वर्षे साचत जाऊन ही भूमी तयार झाली. १८३५ ते १८४० या काळात तिथल्या फोर्ट विल्यम किल्ल्यात पिण्याच्या पाण्यासाठी एक छिद्र खणत नेले होते. ते ४८१ फूट खोल गेले. माती लागली, रेती लागली, कुजलेल्या वनस्पतींचे थर लागले, गोटे लागले. खडक काही लागला नाही. शहराच्या बऱ्याच भागात वरचे बारा-पंधरा मीटर मऊ, गाळवट चिकणमाती आहे आणि तिच्यात जागोजागी कुजलेल्या लाकडाचे अवशेष आहेत. एकोणिसाव्या शतकात सियालदाजवळ तळे खणताना तर जमिनीखाली सुंदरीच्या झाडांचे बुंधे सापडले होते. आज सुंदरबनात दिसणारी ही दलदलीतली झाडे एके काळी तिथेच वाढत होती. या मऊ थराच्या खाली थोडी घट्ट, निळसर करडी चिकणमाती आणि त्याच्याही खाली रेती. भूजलाची पातळी मात्र अगदी वर. पावसाळ्यात दोन हात खणले तरी पाणी लागते.

अशा जमिनीत खड्डा खणला तर काय होते, हे पाहायला कोलकात्याला जायची गरज नाही. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत खड्डा खणण्याचा खेळ बहुतेक मुलांनी खेळलेला असतो. वरची ओलसर वाळू छान उभी राहते. खड्डा पाण्याच्या पातळीपर्यंत पोचला की मात्र त्याच्या भिंती तळातून ढासळू लागतात. हाताने वाळू बाहेर काढावी तेवढी बाजूची वाळू पाण्याबरोबर आत येते. खड्डा खोल होण्याऐवजी रुंद होत जातो आणि काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या पायाखालची वाळू सरकते. मुलाच्या जागी दोनशे वर्षांचे विटांचे घर कल्पून पाहा.

असे का होते? जमिनीतल्या प्रत्येक कणावर वरच्या मातीचे ओझे असते आणि शेजारचे कण त्याला चहूबाजूंनी रेटून धरतात. पाण्याने भरलेली माती घनमीटरला साधारण १.८ टन भरते. तेव्हा १५ मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २७ टनांचे ओझे असते. त्याचा बराचसा भाग बाजूलाही ढकलतो. शिवाय पाण्याचा दाब आहेच आणि तो तर सर्व दिशांना सारखा असतो. आपण खड्डा खणतो तेव्हा माती बाहेर काढतो हे डोळ्यांना दिसते. पण तिच्याबरोबर ती माती शेजारच्या मातीला जो आधार देत होती, तो आधारही आपण काढून घेतलेला असतो. हे दिसत नाही. खडक म्हणतो, काढून घ्या, माझे मी पाहतो. गाळ असे म्हणत नाही. त्याचा काढून घेतलेला दाब कोणीतरी ताबडतोब परत द्यावा लागतो. कोलकात्यात गेल्या पन्नास वर्षांत वापरलेल्या सगळ्या युक्त्या, मग त्या कितीही वेगळ्या दिसोत, या परतफेडीच्याच आहेत.

मग एवढ्या अवघड जमिनीत शिरायचेच कशाला? कारण वर जागा नव्हती. हुगळी नदीच्या काठाने उत्तर-दक्षिण असे लांबट वाढलेले हे शहर. इतर महानगरांच्या मानाने रस्त्यांची जागा फारच थोडी. नदीपलीकडे हावडा आणि पूर्वेला सियालदा ही दोन प्रचंड स्थानके रोज माणसांचे लोंढे शहरात ओतणारी. त्यात १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. भुयारी रेल्वेची कल्पना त्याही आधीची आहे. १९२१ मध्ये हार्ली डॅलरिंपल-हे या लंडनच्या भुयारी रेल्वेत काम केलेल्या इंजिनियराने हुगळीच्या तळाखालून जाणाऱ्या पूर्व-पश्चिम मार्गाचा आराखडा दिला होता. तो पैशाअभावी बारगळला. मात्र १९३१ मध्ये विजेच्या केबली नेण्यासाठी त्याच हुगळीखालून एक लहानसा बोगदा खणला गेला. पुढे १९४९ मध्ये मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी फ्रेंच तज्ज्ञांकडून पाहणी करून घेतली. १९६९ मध्ये रेल्वेने त्यासाठी स्वतंत्र कचेरी उघडली आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने १९७१ मध्ये बृहद् आराखडा तयार झाला. त्यात पाच मार्ग मिळून ९७.५ किलोमीटरची योजना होती. पहिला मान मिळाला दमदम-टॉलीगंज मार्गाला.

उकरा आणि झाका

बोगदा करण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक उंदराचा, जमिनीच्या आतूनच पोखरत जाण्याचा. दुसरा, वरून रस्ता उकरायचा, त्या चरात काँक्रीटची पेटी बांधायची, वर माती टाकून रस्ता पूर्ववत करायचा. लंडनची जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ मध्ये दुसऱ्याच पद्धतीने झाली होती. कोलकात्यानेही जवळजवळ सगळ्या मार्गासाठी तीच पत्करली. पोखरण्याची यंत्रे त्या काळी महाग होती, आयात करावी लागत आणि मऊ गाळात ती कशी वागतील याची खात्री नव्हती.

पण उकरायचे म्हटले तरी किनाऱ्यावरच्या खड्ड्याचा प्रश्न आहेच. पाणी पंपाने उपसून टाकले तर? हा विचार कोणत्याही हुशार विद्यार्थ्याच्या मनात येईल. रेताड जमिनीत तो काही वेळा चालतो. चिकणमातीत त्याचे परिणाम फार दूरवर जातात. ही माती पाण्याने भरलेल्या स्पंजासारखी असते. भूजल खाली गेले की कणांमधले पाणी हळूहळू निघून जाते, माती दबते आणि तिच्यावरची घरे खचू लागतात. हे एका दिवसात होत नाही, महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे चराच्या बाहेरचे पाणी आहे तिथेच ठेवून चर खणायचा, अशी ही अट होती.

यावरचे उत्तर म्हणजे डायफ्रॅम भिंत. आधी खड्डा आणि मग भिंत, हा नेहमीचा क्रम इथे उलटा केलेला असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ६० सेंटिमीटर रुंदीचा आणि काही मीटर लांबीचा खोल चर यंत्राच्या पंज्याने खणतात. खणत असतानाच तो बेंटोनाइटच्या राबडीने काठोकाठ भरलेला ठेवतात. बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली, पाण्यात फुगणारी एक चिकणमाती. चर हवा तेवढा खोल झाला की त्या राबडीतच सळयांचा पिंजरा सोडतात आणि तळापर्यंत पोचणाऱ्या नळीतून काँक्रीट ओततात. काँक्रीट जड, राबडी हलकी. म्हणून काँक्रीट तळापासून भरत वर येते आणि राबडी वरून बाहेर पडते. ती गाळून पुढच्या तुकड्यासाठी वापरता येते. असे तुकडे एकाला एक जोडून दोन लांबच लांब भिंती जमिनीत तयार होतात. मधली माती अजून जशीच्या तशी असते.

आता प्रश्न असा, की पातळ राबडी चराच्या बाजूंना कशी तोलून धरते? गणित करून पाहू. चर १५ मीटर खोल आहे आणि भूजल जमिनीखाली एक मीटरवर आहे असे समजा. चराच्या तळाशी बाहेरच्या पाण्याचा दाब चौरस मीटरला १४ टन. राबडीची घनता १.०५ आणि ती काठोकाठ भरलेली, म्हणून आतून दाब १५ × १.०५, म्हणजे पावणेसोळा टन. आतला दाब पावणेदोन टनांनी जास्त! त्यामुळे बाहेरचे पाणी आत येत नाही. उलट राबडीच बाहेर झिरपू पाहते. पण तसे होताना तिच्यातले सूक्ष्म कण चराच्या भिंतीवर अडकून दुधावर साय धरावी तसा एक पातळ थर धरतात. मग राबडी त्या सायीवर दाब देते आणि साय मातीवर. उरलेला भार माती आपल्या अंगच्या चिकटपणाने आणि चराच्या दोन्ही टोकांच्या आधाराने पेलते. म्हणून तर चराचे तुकडे लहान ठेवतात. बेंटोनाइटचा आणखी एक गुण असा, की ढवळत असताना ते पातळ राहते आणि स्वस्थ ठेवले की लापशीसारखे गोठते. ऑइलपेंट ब्रशखाली सहज पसरतो आणि ब्रश उचलल्यावर ओघळत नाही, तसेच हे. शाळेत बेंटोनाइट मिळाले नाही तरी रंगाचा डबा मिळू शकतो.

भिंती तयार झाल्या की त्यांच्यामधली माती थराथराने काढायची आणि प्रत्येक टप्प्यावर दोन भिंतींच्या मध्ये पोलादी तुळया आडव्या ठोकायच्या. राबडीने तात्पुरते दिलेले देणे आता या तुळया फेडतात. तरी धोका संपत नाही. भिंतीच्या बाहेर १५ मीटर मातीचे ओझे आहे, आत काहीच नाही. मऊ चिकणमाती अशा वेळी भिंतीच्या पायाखालून वळसा घालून खड्ड्याचा तळ वर उचलू पाहते. ओल्या मातीच्या गोळ्यावर वाटी पालथी दाबली की वाटीत माती वर चढते, तसेच. म्हणून भिंती खड्ड्याच्या तळापेक्षाही बऱ्याच खोल न्याव्या लागतात आणि तळाशी पोचल्याबरोबर काँक्रीटची फरशी घालून तो दाबून टाकावा लागतो.

पेटी तयार झाली, आता तरी निश्चिंत? नाही. आता ती तरंगू लागते! दोन रुळमार्गांची पेटी १० मीटर रुंद आणि ७ मीटर उंच आहे असे समजू. एक मीटर लांबीत ती ७० घनमीटर जागा व्यापते, म्हणजे आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे भूजल तिला ७० टनांनी वर ढकलते. भिंती ६० सेंटिमीटर आणि वरखालच्या फरशा ८० सेंटिमीटर जाडीच्या धरल्या तर काँक्रीटचे वजन भरते जेमतेम ५६ टन. छतावर माती पडेपर्यंत पाणी उपसणे थांबवले तर एवढी अवजड काँक्रीटची पेटी होडीसारखी वर यायला बघेल. छतावरची माती आणि बाजूच्या भिंतींचे घर्षण यांनी ती जागच्या जागी राहते. आर्किमिडीज शिकवताना जहाजाचे उदाहरण नेहमीच देतो. जमिनीखालच्या स्थानकाचे देऊन पाहावे, मुले चक्रावतात.

हे सगळे चालले होते ते भर शहरात. चित्तरंजन अॅव्हेन्यू, चौरंगी, आशुतोष मुखर्जी रोड हे शहराचे कणे. त्यांच्या पोटात विटांची जुनी गटारे, पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या, टेलिफोनच्या केबली. सगळ्यांचे नकाशे होते असेही नाही. हे सर्व आधी बाजूला वळवायचे, मग डायफ्रॅम भिंत. कोलकात्याच्या एका पिढीने उघड्या चरांच्या कडेकडेने, चिखलातून आणि फळ्यांवरून चालत आपले शाळा-कॉलेज पुरे केले. दुकानदारांचे धंदे बसले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही किंमत सहसा लिहिली जात नाही.

२४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किलोमीटरचा आणि पाच स्थानकांचा पहिला टप्पा सुरू झाला. ही भारतातली पहिली भुयारी रेल्वे. पुढच्याच महिन्यात उत्तरेला दमदम ते बेलगाछिया हा तुकडा सुरू झाला. १९८६ मध्ये दक्षिणेची गाडी टॉलीगंजला पोचली. मधला बेलगाछिया-एस्प्लनेड भाग मात्र रिकामाच होता. दोन टोके जोडलेली नसलेला उत्तरेचा तुकडा कोणाच्या फारशा उपयोगाचा नव्हता आणि १९९२ मध्ये तो चक्क बंद करावा लागला.

दाबाखालची हवा

हा मधला भाग अडला होता त्याचे एक कारण बेलगाछिया आणि श्यामबाजार यांच्यामध्ये होते. तिथे वर रेल्वेचे चितपूर यार्ड आणि सर्क्युलर कालवा आहे. रेल्वेचे रूळ उकरता येत नाहीत, कालवाही नाही. तेव्हा सुमारे एक किलोमीटरपुरता उंदराचा मार्ग धरणे भाग पडले.

मऊ जमिनीत पोखरण्याची युक्ती जुनी आहे. मार्क ब्रुनेलने १८२५ ते १८४३ या काळात लंडनच्या थेम्स नदीखाली पहिला बोगदा खणला, तो लोखंडी ढालीच्या आडून. ढाल मातीला तोलून धरते, आतले कामगार पुढची माती थोडी थोडी काढतात, ढाल पुढे सरकते आणि तिच्या मागे बोगद्याचे अस्तर बांधले जाते. ब्रुनेलच्या बोगद्यात नदी पुन्हा पुन्हा घुसली. पुढे जेम्स ग्रेटहेडने गोल ढालीला दाबाखालच्या हवेची जोड दिली. बोगद्याचे तोंड हवाबंद दारांनी बंद करायचे आणि आतली हवा एवढी दाबायची की पाणी आत येऊच शकणार नाही. १५ मीटर पाण्याला तोलायला वातावरणापेक्षा सुमारे दीडपट जादा दाब लागतो. बेलगाछियाजवळ हीच पद्धत वापरली गेली.

या पद्धतीत एक गंमतीदार अडचण आहे. ती वर्गात फळ्यावर काढून दाखवण्याजोगी आहे. बोगद्याचे वर्तुळ सहा मीटर व्यासाचे धरा. बाहेरच्या पाण्याचा दाब वर्तुळाच्या माथ्यापेक्षा तळाशी चौरस मीटरला सहा टनांनी जास्त असतो. हवेचा दाब मात्र माथ्याला आणि तळाला जवळजवळ सारखाच, कारण हवा हलकी. मग तोल कुठे साधायचा? तळाशी साधला तर माथ्यावर हवा वरचढ होते आणि माती फोडून बाहेर निसटू पाहते. वर कालवा असेल आणि मधला मातीचा थर पातळ असेल तर ही निसटणारी हवा फार घातक. माथ्याशी साधला तर तळातून पाणी येते. चिकणमातीतून पाणी आणि हवा दोन्ही सावकाश झिरपतात म्हणून मधला मार्ग काढता येतो. रेतीत तसे नाही.

दुसरी अडचण माणसांची. दाबाखालच्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या रक्तात जास्त नायट्रोजन विरघळतो. तो एकदम बाहेर आला तर सोडावॉटरची बाटली उघडावी तसे रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे होतात. असह्य वेदना होतात, कधी पक्षाघात, कधी मृत्यू. जे. एस. हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने दाब उतरवण्याची रीत दाखवून दिली. त्यामुळे पाळी संपली तरी कामगाराला लगेच घरी जाता येत नाही. हवाबंद खोलीत बसून दाब उतरण्याची वाट पाहावी लागते. हा वेळही त्या दिवसाला दोन मीटरमध्ये मोजलेला आहे.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये गाडी श्यामबाजारला आली, आणि १९९५ च्या सप्टेंबरात उरलेला दुवा जोडला जाऊन सतरा स्थानकांची रेषा पुरी झाली. त्यांतली पंधरा जमिनीखाली. पुढे २००९-१० मध्ये हीच रेषा दक्षिणेला वाढली, पण या वेळी जमिनीखाली न शिरता आदिगंगेच्या पात्रातून खांबांवरून गेली. आदिगंगा म्हणजे गंगेचा जुना प्रवाह, आता नाल्यासारखा झालेला. त्याच्या पात्रात खांब रोवण्याला पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी जो विरोध केला तो आम्हाला रास्त वाटतो. बोगद्याचा खर्च वाचवला तो पाण्याच्या वाटेवर खांब टाकून. उत्तरेला गाडी २०१३ मध्ये नोआपाड्याला आणि २०२१ मध्ये दक्षिणेश्वरला पोचली.

नदीखालून, आणि घरांखालून

दरम्यान १९२१ चे जुने स्वप्न पुन्हा वर आले होते. हावडा मैदान ते सॉल्ट लेकमधले सेक्टर पाच हा पूर्व-पश्चिम मार्ग नदीखालून जाणार होता. तोपर्यंत पोखरणारी यंत्रे खूप सुधारली होती. त्यांच्या पुढच्या फिरत्या चकतीच्या मागे एक बंद कप्पा असतो. कापलेली माती त्यात पाणी आणि फेस मिसळून घट्ट लगद्यासारखी भरून ठेवतात आणि मळसूत्री दांड्याने ती मोजून-मापून बाहेर काढतात. मळसूत्र हळू फिरवले की कप्प्यातला दाब वाढतो, जोरात फिरवले की कमी होतो. हा लगदा जड असल्यामुळे त्याचा दाब माथ्यापेक्षा तळाशी जास्त असतो, अगदी बाहेरच्या जमिनीसारखाच. हवेला जे साधत नव्हते ते चिखलाने साधले! माणसांनाही दाबाखाली राहून खणावे लागत नाही. यंत्राच्या मागे लगेच काँक्रीटच्या तुकड्यांचे कडे बसवले जाते आणि त्यांच्या सांध्यांत रबराच्या पट्ट्या असतात. त्यांतल्या काही पाणी लागले की फुगतात.

२०१७ मध्ये ‘रचना’ आणि ‘प्रेरणा’ या दोन यंत्रांनी हुगळीखालचे सुमारे ५२० मीटर अंतर काही आठवड्यांत पार केले. बेलगाछियाशी तुलना केली म्हणजे यातली प्रगती लक्षात येते. नदी ओलांडली, आता अवघड भाग संपला असेच पुष्कळांना वाटले.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शहराच्या मध्यभागी बहूबाजारखाली ‘चंडी’ नावाच्या यंत्राला अनपेक्षितपणे पाण्याने भरलेला रेतीचा थर लागला. पाणी बोगद्यात घुसले आणि येताना बारीक रेती घेऊन आले. किनाऱ्यावरचा खड्डा आठवा. काढली गेलेली प्रत्येक घनमीटर रेती म्हणजे वर कुठेतरी तेवढी पोकळी. नीट चाललेल्या कामातही थोडी माती जादा निघतेच. सहा मीटर व्यासाच्या बोगद्याच्या एक मीटर लांबीत २८ घनमीटर माती असते. तिच्या एक टक्का जादा निघाली आणि ती खाच वर वीस मीटर रुंदीत पसरली तर जमीन सरासरी दीड सेंटिमीटर खचते. एवढे बहुतेक घरे सोसतात. पण पाणी वाहू लागले की एक टक्क्याचा हिशेब राहत नाही. शिवाय घर सगळे सारखे खचले तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा खचला आणि दुसरा तसाच राहिला म्हणजे भिंत ताणली जाते. आणि चुन्यात बांधलेली जुनी विटांची भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही.

दुर्गा पिथुरी लेन आणि स्याकरा पाडा लेन या गल्ल्यांतली घरे तडकली, काही कोसळली. शेकडो रहिवाशांना अंगावरच्या कपड्यांनिशी हॉटेलांत हलवावे लागले. स्याकरा म्हणजे सोनार. पिढ्यान्‌पिढ्या तिथे दागिने घडवणाऱ्या कारागिरांची घरे आणि कामाच्या जागा एकाच छपराखाली होत्या. घर गेले तेव्हा दोन्ही गेले. २०२२ च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याच परिसरात काम चालू असताना पुन्हा पाणी शिरले आणि पुन्हा घरांना तडे गेले.

२०१९ मध्ये पाणी थांबवायला सिमेंट आणि रसायने जमिनीत घातली गेली. पण त्याबरोबर आणखी एक उपाय झाला तो आम्हाला फार बोलका वाटतो. बोगद्यात आडवी भिंत घालून यंत्राकडचा भाग मुद्दाम पाण्याने भरला गेला. आत आणि बाहेर पाण्याचा दाब सारखा झाला की प्रवाह थांबतो, आणि प्रवाह थांबला की रेतीही वाहत नाही. अत्याधुनिक यंत्र अडकून पडले होते आणि जमिनीचे देणे साध्या पाण्याने फेडले जात होते. ‘चंडी’ पुढे तुकडे करून बाहेर काढावी लागली. तिचे उरलेले काम दुसऱ्या, ‘उर्वी’ नावाच्या यंत्राने केले.

मुंबईची कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली. तिची ३३.५ किलोमीटर लांबी पाहून कोलकात्याच्या संथपणाला हसण्याचा मोह होईल. पण तिथल्या यंत्रांना बहुतेक अंतर बसाल्ट आणि त्याच्या जोडीचे इतर खडक फोडायचे होते. त्यांच्या चकत्या झिजतात, खर्च वाढतो, पण खडक बराचसा आपला आपण उभा राहतो. जमिनी वेगळ्या असताना वेगांची तुलना करणे म्हणजे पोहणाऱ्याला धावणाऱ्याशी तोलणे.

कोलकात्यात हावडा मैदान ते एस्प्लनेड ही नदीखालची गाडी ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाली. नदीखालून पलीकडे जायला तिला मिनिटभरही लागत नाही. एस्प्लनेड ते सियालदा हा बहूबाजारखालून जाणारा जेमतेम अडीच किलोमीटरचा दुवा मात्र २२ ऑगस्ट २०२५ पर्यंत रखडला. या मार्गाची लांबीही साडेसोळा किलोमीटर, जवळजवळ पहिल्या मार्गाएवढीच. २००९ मध्ये सुरू झालेल्या कामाला सोळा वर्षे लागली. तो भागाकार मुलांनीच करावा.